गेटवरचा फोन

वाकड, १२ जानेवारी

गणू,

मोबाईलवर तू मला ब्लॉक केलंयस त्याला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील, म्हणून हे कागदावर. पत्ता कुरुळीचाच आहे असं धरून चाललेय. बदलला असेल तर पोस्टमन पत्र परत आणून देईल आणि मी अजून चिडेन, दुसरं काय.

निमित्त विचारशील तर काही नाही. डोक्याला ताप झालाय आणि ऐकून घ्यायला कोणी नाही. लहानपणी मी भुणभुण करायचे तेव्हा तू निदान समोर बसून शेंगा तरी फोडत असायचास. तसाच बस थोडा वेळ.

सतरा वर्षं मी मॅन्युअलं लिहितेय. आधी भोसरीत प्रेस मशीनची, आता इथे सॉफ्टवेअरची. माणसांसाठी लिहिताना एक बरं असतं, अर्धं तो स्वतःच समजून घेतो. 'झाकण लावून मशीन सुरू करा' म्हटलं की कुठलं झाकण, हे कोणी विचारत नाही. आता प्राजक्ता मॅडमनी नवंच लचांड माझ्या गळ्यात घातलंय. माझी मॅनेजर ती, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, पण मॅडम म्हणायचं. आमच्या कंपनीने मेल पाठवायचं एक टूल केलंय. ते माणसं वापरणार नाहीत, एआय एजंट वापरणार. म्हणजे असं बघ, कारखान्यातल्या मशीनचे आकडे एक प्रोग्राम दिवसभर बघत बसतो. काही बिनसलं की कोणाला कळवायचं, काय लिहायचं, हे तोच ठरवतो आणि मेल धाडतो. आणि हे सगळं तो ठरवतो माझं मॅन्युअल वाचून. माझा वाचक आता माणूसच राहिला नाही, बोल.

पहिल्या दिवशी मी आपलं नेहमीसारखं लिहिलं, 'बिघाड आढळल्यास संबंधितांना कळवावे.' इंग्रजीत लिहिते, तुला मराठीत सांगतेय. चाचणीसाठी ऑफिसचीच मेलची यादी दिली होती. त्या दीडशहाण्याने यादीतल्या झाडून सगळ्यांना संबंधित ठरवलं आणि 'भट्टीचं तापमान घसरलं आहे' असा मेल एकशे अठरा जणांना धाडला. आम्हाला डबे पुरवणाऱ्या छबूबाई पण यादीत. त्यांचा लगेच फोन, "ताई, हापिसात आग लागली का काय? डबं पाठवू का नगं?" मी कपाळाला हात लावला. मॅडम म्हणाल्या, योगिनी, संबंधित म्हणजे कोण ते स्पष्ट लिहा ना. सतरा वर्षांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

आता लिहायलाच बसलेय तर मनातलंही बोलून टाकते. अण्णांच्या वेळी मी तुला कळवलं होतं. अकरा बेचाळीसला पहिला मेसेज, साडेबाराला दुसरा, सव्वाला तिसरा, दोनला चौथा. चारही माझ्या फोनमध्ये अजून आहेत. तुमचे मोबाईल गेटवर लॉकरमध्ये ठेवून घेतात त्यात माझा काय दोष? अण्णा तीन वाजून पाच मिनिटांनी गेले आणि तुझी शिफ्ट साडेतीनला सुटली. तू आलास आणि हॉस्पिटलच्या जिन्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर मला एवढंच विचारलंस, गेटवर फोन का नाही केलास. गेटचा नंबर माझ्याकडे होता कुठे?

दिपालीला आणि पोरींना आशीर्वाद.

ताई


वाकड, २३ जानेवारी

गणू,

उत्तर नाही. बरं. मी वाट बघत नव्हतेच.

तुला वाटत असेल, ताईचं ते मॅन्युअल संपलं असेल. कसलं संपतंय. मागच्या आठवड्यात मी लिहिलं, 'उत्तर न आल्यास आठवण करून द्यावी.' किती वेळा, ते लिहिलं नाही. माणसाला सांगावं लागतं का? एक आठवण, फार तर दोन, मग माणूस समजतो की समोरचा कामात आहे. प्राजक्ता मॅडम मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला गेल्या होत्या. दोन तासांत त्यांना त्रेसष्ट मेल. प्रत्येकाची सुरुवात 'नम्र स्मरण' अशी, आणि प्रत्येक मेलची सीसी त्यांच्या साहेबाला. सीसी का, तर मीच एका उदाहरणात साहेबाला सीसी ठेवली होती. ती तर आपल्याकडची सवय आहे ना रे, नुसतं कळवून भागत नाही, वरच्याला दाखवून कळवावं लागतं. त्या प्रोग्रामला वाटलं हाच नियम. मॅडम दुसऱ्या दिवशी माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या.

हे टूल ज्याने बनवलं तो धम्मरत्न माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. चाळिशीचा, शांत, कानावरचे केस पांढरे व्हायला लागलेले. दिवसातून दोनच प्रश्न विचारतो पण ते असे की माझा जीव नकोसा होतो. मंगळवारी मी एक वाक्य लिहिलं आणि मला ते फार आवडलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सरळ, सुटसुटीत लिहिलं होतं. टूल मेल पाठवतं आणि 'यशस्वी' असं उत्तर देतं. त्यावर माझं वाक्य असं, 'यशस्वी असे उत्तर आल्यावर संबंधित व्यक्तीला कळवण्यात आले आहे असे समजावे व तशी नोंद करून काम बंद करावे.'

धम्मरत्नने ते वाचलं आणि विचारलं, "मॅडम, मेल गेला म्हणजे त्याला कळलं का?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "कळवणं आपलं काम, वाचणं त्याचं काम. आपण काय त्याच्या मागे मागे फिरायचं का?" जरा मोठ्यानेच बोलले. आजूबाजूच्या चार जणांनी माना वर केल्या. तो म्हणाला, बरं, आणि परत स्क्रीनकडे वळला. वाक्य तसंच राहिलं. सोमवारी ते मॅन्युअल चाकण पट्ट्यातल्या कुठल्याशा कंपनीत चालू होतंय. आम्हाला गिऱ्हाइकांची नावं सांगत नाहीत, नुसतं 'क्लायंट सात' म्हणतात.

मी एवढी का ओरडले त्याच्यावर, हे मला अजून कळलेलं नाही. भला माणूस आहे. दुसऱ्या दिवशी मी त्याला तीळगुळाची उरलेली वडी दिली, त्याने ती खाल्ली.

तुझी मोठी आता दहावीला ना? अभ्यासाचं बघ तिच्या. आणि पत्र मिळालं एवढं तरी लिही, चार ओळी नको, एक लिही.

ताई


वाकड, ५ फेब्रुवारी

गणू,

आज दुपारी दिपालीचा फोन आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. नाव दिसलं तशी मी जागेवरून उठून जिन्यात गेले. आधी नुसती रडत होती. मी म्हटलं, अगं नीट सांग, गणू बरा आहे ना?

सगळं सांगितलं तिने. गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी अकरा दहाला तुमच्या पहिल्या भट्टीचं तापमान खाली गेलं, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि शाफ्टची सगळी बॅच नरम निघाली. ती तशीच गिऱ्हाइकाकडे गेली आणि तिथून परत आली. आणि तुला कारणे दाखवा नोटीस, की शिफ्ट इन्चार्ज गणराज यांना वेळेवर कळवूनही त्यांनी दुर्लक्ष केलं. बारा तारखेला चौकशी. दिपाली म्हणाली, कँटीनमध्ये उघड बोलतायत की ह्यांना घरी बसवणार. चौदा वर्षांत एक लेट मार्क नाही तुझा.

खरं सांगू, आधी मला तुझाच राग आला. म्हटलं, कॉम्प्युटर काय शोभेला ठेवलाय का केबिनमध्ये, अधूनमधून बघायला काय होतं ह्याला. हे मी दिपालीला म्हणालेसुद्धा. तर ती म्हणाली, "अहो ताई, ते तेव्हा दुसऱ्या भट्टीपाशी होते. साखळी अडकली होती, दोन माणसं घेऊन ती सोडवत होते. केबिन शेडच्या पार त्या टोकाला, मोबाईल गेटवर. मेल बघणार कधी?" मग मी तिला नोटिशीचा फोटो पाठवायला सांगितला.

खाली नोंद जोडलेली आहे, तू बघितली असशील. अकरा दहा, मेल पाठवला. अकरा दहा, स्थिती यशस्वी. संबंधित व्यक्तीला कळवण्यात आले आहे. काम बंद.

माझं वाक्य आहे ते, गणू. जसंच्या तसं. त्या प्रोग्रामने मी सांगितलं तेवढंच केलं. एक मेल टाकला आणि मोकळा झाला, कारण तसं समजावं असं मी लिहून ठेवलं होतं. क्लायंट सात म्हणजे तुझी कंपनी, हे मला आज कळलं.

ऑफिसच्या जिन्यात बसून होते बराच वेळ. धम्मरत्न पाणी घेऊन आला. बाटली ठेवली आणि गेला. त्या दिवशी मी त्याच्यावर ओरडले होते त्याबद्दल एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मी प्राजक्ता मॅडमशी बोलते. तू घाबरू नकोस, आणि चौकशीत तोंड बंद करून बसू नकोस, तुझी ती जुनी खोड आहे. शाळेत काच दुसऱ्याने फोडली तरी छड्या तू खायचास.

ताई


तुझ्या कंपनीचं गेट नंबर दोन, ११ फेब्रुवारी, सकाळी पावणेअकरा

गणू,

गेटचा नंबर माझ्याकडे होता.

हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. महिनाभर त्या एजंटांसाठी लिहून मला एवढं समजलंय, की सगळ्यात महत्त्वाचं ते वर लिहावं, कारण पुढचं समोरचा वाचेलच असं नाही. हे पाकिटातही घातलेलं नाही. उघडंच देतेय, म्हणजे तुला फोडावं लागणार नाही. काल परत दिपालीचा फोन झाला. मी विचारलं, गणू पत्रं वाचून काय म्हणाला. ती म्हणाली, तिन्ही पत्रं टीव्हीच्या बॉक्सखाली आहेत, एकही उघडलेलं नाही. मी वाचून दाखवू का म्हणाली. मी नको म्हटलं. महिनाभर मला वाटत होतं मी तुझ्याशी बोलतेय.

आधी कामाचं. ह्याबरोबर एक कागद आहे, माझ्या सहीचा. त्यात लिहिलंय की मेल 'यशस्वी' झाला म्हणजे फक्त तो निघाला आणि पोचला, माणसाने बघितला असा त्याचा अर्थ नाही. ज्या मॅन्युअलमुळे 'कळवण्यात आले' अशी नोंद झाली ते मी लिहिलं आणि ते चुकीचं लिहिलं. असल्या कारखान्यांत शेडमध्ये मोबाईल नेता येत नाही हे मला ठाऊक असूनसुद्धा लिहिलं. प्राजक्ता मॅडम म्हणाल्या, चूक झाली असं लेखी द्यायचं नाही, क्लायंट धरून बसेल, पुढच्या आवृत्तीत गुपचूप बदलू. बाई वाईट नाही, तिच्याही वर कोणी बसलेलं आहे. मी रजा टाकली आणि साध्या कागदावर लिहून सही केली. धम्मरत्नने न विचारता खाली त्याची सही केली आणि म्हणाला, टूल माझं आहे मॅडम. उद्या चौकशीत हा कागद टेबलावर ठेव. त्यांना मी समोर हवी असेन तर मी येते. माझं काय व्हायचं ते होईल, ते माझं मी बघते.

आता नंबराचं.

अण्णांना आत घेतलं तेव्हा नर्सने त्यांचे कपडे एका पिशवीत घालून माझ्याकडे दिले. शर्टाच्या खिशात त्यांची ती लाल छोटी डायरी होती. तिच्या पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, गणूचे गेट, आणि पुढे नंबर. तू नोकरीला लागलास त्या आठवड्यात आम्हा दोघांना बसवून तूच तो लिहून दिला होतास. मोबाईल आत नसतो, काही झालं तर इथे लावा, माणूस येऊन सांगतो, असं दोनदा म्हणाला होतास. ती पिशवी सव्वातीन तास माझ्या मांडीवर होती.

अण्णा शुद्धीवर होते. हे मी तुला सांगितलं नाही, कोणालाच सांगितलं नाही. सगळ्यांना सांगितलं, त्यांना काही कळत नव्हतं. त्यांना सगळं कळत होतं. मला आत जाऊ दिलं की विचारायचे, "गणू आला का?" मी म्हणायचे, कळवलंय अण्णा. आणि बाहेर येऊन तुला एक मेसेज टाकायचे. चार मेसेज म्हणजे त्यांनी चारदा विचारलं, गणू. तिसऱ्यांदा म्हणाले, "गेटवर लाव की फोन, डायरीत आहे." मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन परत मेसेजच टाकला. दोन टिक्स पडल्या. राखाडी होत्या, निळ्या झाल्या नव्हत्या, हे मला दिसत होतं. पण मनाशी म्हटलं, मी माझं काम केलं.

का नाही लावला, ते सांगते. आदल्या आठवड्यात आपलं वाजलं होतं. अण्णांना तुझ्याकडे न्यायचं का माझ्याकडे ठेवायचं, आणि तू म्हणालास, ताई माझ्या शिफ्ट असतात, तूच बघ. ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, स्थिर आहेत, उद्या बघू. म्हटलं, येऊ दे ह्याला साडेतीनला सावकाश. सगळं माझ्या एकटीच्या अंगावर कसं पडतं ते येऊन बघू दे. एवढंच होतं मनात. अण्णा जातील असं मला वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर मी धावत आले असते इथे, फोन कसला करतेय. पण हे सगळं मागाहून. आणि जिन्यात तू बरोबर तोच प्रश्न विचारलास. सगळे बघत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की माझ्याकडे नंबर नव्हता. एकदा म्हटलं ते म्हटलं. मग तीन वर्षं 'मी कळवलं होतं' हेच धरून बसले, आणि धरता धरता एका मॅन्युअलमध्येसुद्धा लिहून टाकलं.

आज इथे आल्यावर गेटच्या केबिनमधल्या वॉचमनला, दौलतरावांना विचारलं, घरून कोणाचा फोन आला तर तुम्ही काय करता? कुरुळीतलेच आहेत ना ते, तुला चांगलं ओळखतात. म्हणाले, "फोन आला की चिठ्ठी लिवतो, सायकल काढतो आन् आत जातो. मानूस हातातलं काम टाकून चिठ्ठी वाचत न्हाई तवर म्या हलत न्हाई. धा मिन्टात मानूस भायेर." मी सांगितलं, मी गणराजची बहीण. ते म्हणाले, "तुमचं वडील गेलं त्या दिशी मीच व्हतो डूटीला. फोन काय आला न्हाई, ताई."

दहा मिनिटं, आणि इथून चिंचवडला यायला पाऊण तास. तू पावणेएकपर्यंत त्यांच्याजवळ असतास. हा हिशोब मी तीन वर्षांत एकदाही केला नव्हता, करू दिला नव्हता स्वतःला. आज त्यांच्या समोरच्या बाकावर बसून केला.

माफ कर असं लिहिणार नाही. ते तुझं तू बघ, लागेल तेवढा वेळ घे. मॅन्युअलमधलं ते वाक्य मी काल काढलं. त्याजागी लिहिलंय, 'यशस्वी म्हणजे फक्त पाठवले गेले. माणसाची पोच येईपर्यंत कळवले असे लिहू नये. दहा मिनिटांत पोच न आल्यास गेटवर फोन करावा.' क्लायंट सातच्या प्रतीत खाली तुमच्या गेटचा नंबर टाकला. डायरी उघडावी लागली नाही, मला तो पाठ आहे.

दौलतरावांनी सायकल काढलीय. त्यांना सांगितलंय, तू हे वाचेपर्यंत हलायचं नाही, आणि वाचलंस की परत येऊन मला सांगायचं. तोवर मी इथल्या बाकावर बसलेय. तुला काही म्हणायचं असेल तर त्यांच्या हातीच पाठव. गेटच्या आत येणाऱ्या पाहुण्यांचे मोबाईल पण ठेवून घेतात, माझाही लॉकरमध्ये आहे.

ताई